भूप की देशकार

"बाई, आता सांगा हां. हा भूप की देशकार?" असे म्हणून गौरवीने डोळे मिटले आणि बंदिश सुरू केली.

विनोदिनीबाई सतरंजीवर पुढे सरकून बसल्या. उजव्या कानामागचे यंत्र नीट बसले आहे ना, ते त्यांनी बोटाने चाचपून पाहिले. तापाने त्यांचे दोन्ही कान नेले होते. शस्त्रक्रियेनंतर हे यंत्र आले आणि ऐकू येऊ लागले, त्याचा आनंद त्यांच्यापेक्षा त्यांच्या नवऱ्यालाच, गोकुळदासांनाच अधिक झाला होता. बायकोला कुकरची शिटी ऐकू येते, पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकू येतो, फोनवर बोलते, हे त्यांनी कारापुरात भेटेल त्याला सांगितले होते. दसऱ्याला गाण्याचा वर्ग पुन्हा सुरू होणार, असे मुलांच्या घरी कळवूनही टाकले होते. बाई त्यावर हो म्हणाल्या नव्हत्या आणि नाहीही म्हणाल्या नव्हत्या.

गौरवी त्यांची जुनी शिष्या. परीक्षा तोंडावर आली आणि तिचे हे दोन राग एकमेकांत मिसळायला लागले. स्वर दोघांचे तेच पाच. भूप म्हणायला जावे तर देशकार होतो, देशकार धरावा तर भूप, असे तिने फोनवर काकुळतीच्या शब्दांत सांगितले, आणि बाईंच्या तोंडून निघून गेले, "ये."

बंदिशीचा शब्द न् शब्द बाईंना कळत होता. तालही कळत होता. मांडीवरचे बोट आपसूक पडत होते. पण त्या शब्दांना सूर नव्हता. पत्रा खरवडत कोणी बातम्या वाचाव्यात तसे ते येत होते.

"शब्द सोड," बाई म्हणाल्या. "सरगम म्हण."

गौरवी सरगम म्हणू लागली. ग, रे, सा. ध, सा, रे, ग. स्वरांची नावे कानावर आली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. नावांवरून त्यांनी तिला कुठे चुकते ते दाखवले. सारखी गंधारावर येऊन बसतेस, तो भूप झाला, त्या म्हणाल्या. देशकाराला वरचा धैवत लागतो. तिथे ताठ उभे राहायचे आणि मग पंचमावर उतरायचे, रिषभाला नुसते शिवून जायचे. घरात माणसे तीच असतात, पण कर्ता बदलला की घर वेगळे होते ना, तसे हे. बोलता बोलता त्या गुडघ्यावर उठून बसल्या होत्या. तापानंतर इतके त्या कोणाशीच बोलल्या नव्हत्या. गौरवीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. कळले, कळले, म्हणत तिने मांडीवरचा हात उचलला आणि या खेपेस नुसता आकार लावला.

आता नावे नव्हती. नुसता आऽऽ होता.

बाईंनी तिच्या गळ्याकडे पाहिले, हाताकडे पाहिले. हात वर गेला, वरच थांबला.

"देशकार," त्या म्हणाल्या. "आता कसा नितळ आला."

गौरवीने हात खाली घेतला.  मग हळू म्हणाली, "बाई, मी भूप म्हटला."

स्वयंपाकघरात गोकुळदास चहा करत होते. कपबशा वाजल्या. ते बाईंना अगदी स्पष्ट ऐकू आले.

"परत म्हण."

गौरवी परत गायली, संथ, एकेका स्वरावर थांबत. बाईंनी डोळे मिटले. गंधार त्यांच्या मनात होता, जसाच्या तसा. जन्मभर जपलेला होता तो. बाहेरून जे येत होते त्यात तो कुठेच सापडेना.

"पुरे," त्या म्हणाल्या. "मला दोन्ही सारखेच ऐकू येतात गो."

"सवयीने येईल, बाई."

"नाही येणार. यंत्र जुळवून देणाऱ्या पोरीला मी विचारले. ती म्हणाली, हे माणसाचे बोलणे ऐकायला केलेले आहे. गाणे यातून ओळखण्याइतके यायचे नाही."

काकांना हे माहीत आहे का, असे गौरवीने विचारले. बाईंनी नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात गोकुळदास चहा आणि खोबऱ्याच्या वड्या घेऊन आले. मघाशी आतून त्यांनी बायकोचे शिकवणे ऐकले होते, त्याचा आनंद त्यांच्या तोंडावरच दिसत होता. त्यांनी गौरवीला दोन वड्या जास्त वाढल्या. परीक्षेला कोण येणार, साखळी गावाहून किती मुले बसणार, अशा गोष्टी झाल्या. बाईंनी सगळ्याला नीट उत्तरे दिली. चहा संपला तशी गौरवी उठली, बाईंच्या पाया पडली आणि बाहेर गेली. तिला पोहोचवायला गोकुळदास सोप्यापर्यंत गेले.

बाई कपबशा गोळा करत होत्या. खिडकी उघडी होती.

"काय गो," गोकुळदास बाहेर विचारत होते, "बाई कशी शिकवता आता?"

"पयलीसारखीच, काका."

अक्षर न् अक्षर बाईंना कळले. पोरीने ते हसत म्हटले की तिचा गळा भरून आला होता, ते मात्र कळले नाही.