आवाजाचा नमुना

"आणखी काही आहे?" तंत्रज्ञाने विचारले. "समारंभातलं भाषण, फोनवरचा निरोप, काहीही. फक्त काकांचा आवाज हवा."

सासऱ्यांनी मांडीवरची पिशवी उघडली आणि आतल्या डायऱ्या एकेक करून टेबलावर मांडल्या. बँकेच्या लॉकर विभागात हयात घालवलेल्या त्या गृहस्थांनी स्वतःचे दिवसही असेच कुलपात ठेवले होते. घरातल्या कुणी त्या डायऱ्यांना आजवर बोटही लावले नव्हते. आज त्यांनी त्या आपल्या हाताने बाहेर काढल्या होत्या.

तंत्रज्ञ तरुण होता, आणि भिडस्त. त्याने वरच्या डायरीचे एक पान उलटले आणि न वाचताच मिटले. "अक्षर फार देखणं आहे, काका," तो हलकेच म्हणाला. "पण यंत्राला अक्षर ऐकू येत नाही."

सासऱ्यांनी मान खाली घातली आणि गळ्यावरची पट्टी उगाच सारखी केली.

शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावे लागले, तेव्हा रुग्णालयाने त्यांना एक टॅबलेट दिला होता: बोटाने लिहावे, त्याने बोलावे. त्याचा आवाज स्वच्छ होता, मृदू होता आणि कुणाचाच नव्हता. त्या आवाजात त्यांनी नातीला पहिली हाक मारली, तेव्हा ती आईच्या मागे लपली. "हे आजोबा नाहीत," ती म्हणाली. त्यानंतर त्यांनी टॅबलेट पुन्हा उघडला नव्हता. जुना आवाज कुठे साठवलेला सापडला, तर तो यंत्राला शिकवता येईल असे कळले, म्हणून आज सून आणि नातीसह ते या लहानशा बंदिस्त खोलीत बसले होते.

"बाबा," सून चाचरत म्हणाली, "रागावणार नसाल तर… माझ्याकडे आहे थोडंसं."

तिने फोन पुढे केला. घरातले रोजचे प्रसंग टिपून ती इंटरनेटवर टाकत असे. आपल्या पानाचे नाव तिने 'घरातल्या घरात' ठेवले होते. 'घरातल्या घरात म्हणे! आणि दार सताड उघडं!' असे सासरे त्यावर म्हणत. ते आजारी पडले, आणि तिने टिपणे थांबवले. पुसले मात्र काहीच नव्हते.

पडद्यावर नात पहिले पाऊल टाकत होती. मागून एक खणखणीत आवाज आला, "बंद कर ते! घर आहे की प्रदर्शन?"

मग खिडकीतली रोपे दिसली. "सूनबाई, दूध उतू चाललंय. ते आधी बघ, मग जगाला दाखव."

मग नात पडलेला दात तळहातावर धरून हसत होती. "दात आहे की सरकारी नोटीस? गावभर कशाला लावतेस?"

असे कितीतरी प्रसंग होते. चित्रात सासरे क्वचित दिसत. कुठे वर्तमानपत्राचा कोपरा, कुठे चपलेचा अंगठा. आवाज मात्र प्रत्येक खोलीत होता.

"तुम्ही हे सगळं का टाकता, ताई?" तंत्रज्ञाने संकोचून विचारले.

"बाबा डायरी का लिहितात, ते विचारा ना त्यांना."

सासऱ्यांनी टेबलावरच्या डायऱ्यांकडे पाहिले, मग फोनकडे. पडद्यावरून त्यांची नजर हटत नव्हती. ते सगळे दिवस त्यांच्या डायऱ्यांतही असणार. तिथे ते दिवस निमूट होते.

तंत्रज्ञाने कानांवरचे हेडफोन काढले. हसू आवरायला त्याला कष्ट पडत होते. "भरपूर आहे. आवाजही स्पष्ट आहे. एकच अडचण आहे. काका सगळीकडे रागावलेलेच आहेत. यंत्र तेच शिकेल. उद्या नुसतं 'पाणी दे' म्हटलं, तरी खेकसल्यासारखं ऐकू येईल."

"म्हणजे हुबेहूब येईल," सून म्हणाली.

सासऱ्यांचे खांदे हलले. आवाज न येताही ते हसले आहेत, हे खोलीतल्या सर्वांना कळले.

यंत्राचे शिकणे संपेतो दुपार कलली. नात कोपऱ्यात भिंतीशी बसून कागदाची होडी करत होती. तंत्रज्ञाने टॅबलेट सासऱ्यांपुढे ठेवला. "आता लिहा, काका. मनात येईल ते."

त्यांनी लिहिले, खोडले. पुन्हा लिहिले. वाकलेले ते डोके आणि अडखळणारे ते बोट पाहता पाहता सुनेचा हात नकळत वर आला, आणि त्या हातात फोन होता. सासऱ्यांनी मान वर केली. फोन पाहिला. मग बटण दाबले.

आवाज आला. खणखणीत, किंचित घोगरा, कपाळाला आठ्या असल्यासारखा. त्यांचाच, आणि पुरता संतापलेला. सून दचकली, जुन्या सवयीने तिने फोन झटकन पाठीमागे लपवला. शब्द तिच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला.

"सूनबाई, चालू ठेव ते!"

कागदाची होडी खाली पडली. नात धावत आली आणि आजोबांच्या गुडघ्याला बिलगून आईकडे पाहू लागली.

"आई, आजोबा रागावले?"

"हो गं," आई म्हणाली. "किती दिवसांनी."