क्रमवारीचा फोन

शालिग्राम सरांचा फोन आला तेव्हा प्रतीक्षा वजनकाट्यापाशी उभी होती. धाड गावातल्या शेडमध्ये सकाळपासून हिरव्या मिरचीची पोती येत होती. ती काटा सोडून बाजूला झाली.

"प्रतीक्षा, काल तुला कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला होता का?"

"हो सर." ती घुटमळली. "एमबीए कॉलेजांची क्रमवारी लावायला मासिकवाले माजी विद्यार्थ्यांना पगार विचारणार आहेत. माझा पगार धरला तर आपली सरासरी खाली येते. म्हणून त्यांचा फोन उचलू नको म्हणाले. मी बरं म्हटलं."

सांगताना तिला पुन्हा कालच्यासारखंच शरमल्यासारखं झालं. तिच्या वर्गातली बाकीची मुलं बँकांत, मोठमोठ्या कंपन्यांत होती. ती एकटी गावाकडे येऊन बायांच्या शेतकरी कंपनीचा कारभार बघत होती. नोकरीच्या मुलाखती सोडून ती गावी निघाली, तेव्हा जो तो तिला समजावत होता. सरांनी मात्र तिची बॅग उचलून एसटी स्टँडपर्यंत आणून दिली होती. आता त्यांच्याच कॉलेजचं नाव आपल्यामुळे घसरणार, हे तिला कालपासून टोचत होतं.

"फोन उचल," सर म्हणाले.

"पण सर, आपला नंबर खाली जाईल."

"जाऊ दे. डायरेक्टरांनाही हेच सांगून आलोय. कमी पगाराची माणसं गाळून सरासरी काढायला मी शिकवलं होतं का तुम्हाला?" सर हसले. "विचारतील ते खरं सांग. आकडाही सांग आणि बाकीचंही."

तिला आभार मानायचे होते. तेवढ्यात सरांनी फोन ठेवलाही.

दुपारी मासिकाचा फोन आला. पलीकडची मुलगी एकेक प्रश्न वाचून दाखवत होती. पगार विचारल्यावर प्रतीक्षाने आकडा सांगितला.

"मॅम, हा महिन्याचा ना?"

"नाही. वर्षाचा."

पलीकडून आकडा टाइप केल्याचा आवाज आला. मग पुढचा प्रश्न आला. "एमबीए करताना जे मिळवायचं तुम्ही ठरवलं होतं, त्यातलं किती मिळालं? शून्य ते दहामध्ये सांगा."

प्रतीक्षाने समोर पाहिलं. बाया मिरची निवडता निवडता हसत होत्या. आज पहिल्यांदाच त्यांची गाडी कुणा व्यापाऱ्याच्या नाही, तर कंपनीच्या नावाने थेट नागपूरला निघणार होती. कंपनीच्या अध्यक्ष वच्छलाबाई ड्रायव्हरला ताडपत्री नीट बांधायला लावत होत्या.

"दहा," प्रतीक्षा म्हणाली. म्हणून झाल्यावर तिचं तिलाच बरं वाटलं.

"कोन होय व?" वच्छलाबाई जवळ आल्या.

"माह्या कॉलेजाचं विचारून राह्यले, काकू. तिथं शिकून काय भेटलं म्हन्ते."

"आन इकडं."

वच्छलाबाईंनी पदराला हात पुसले, फोन कानाला लावला आणि शेताच्या पल्याडच्या माणसाशी बोलावं तशा मोठ्यानं बोलू लागल्या. "हे पाह्य बाई, मी इथली अध्यक्ष बोलून राह्यली. लय गुणाची पोरगी शिकवून धाडली तुमी. तिच्या मास्तरले माहा रामराम सांगजो. लय उपकार झाले म्हना त्याईचे."

पलीकडून ती मुलगी आपण कॉलेजची नाही, नंबर लावणाऱ्या मासिकाची आहे, असं समजावून सांगत होती. वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ते नंबराचं तुमचं तुमी पाहा," त्या म्हणाल्या. "फक्त हिले परत मांगू नका म्हना."