मोठ्याने वाचा

आमिष लावताना चांगुणाबाईच्या बोटात मासे धरायचा गळ रुतून बसला होता. बोट बधिर करून तो काढायला हवा होता. आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरांनी कपाटातून बाटली उचलली.

“लेबल मोठ्याने वाचा,” भोसतेकर सिस्टर म्हणाल्या.

महिनाभर रोज हेच! वाचता येतं म्हणूनच डॉक्टर झालो, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तरी ते कसेबसे पुटपुटले, “लिग्नोकेन, दोन टक्के, अ‍ॅड्रिनालिनसह...”

ते तिथेच थबकले. रक्तवाहिन्या आवळणारं हे औषध ते बोटात टोचणार होते. बोट काळं पडलं असतं तर? त्यांनी बाटली खाली ठेवली.

सिस्टरांनी अ‍ॅड्रिनालिन नसलेली साधी बाटली पुढे केली. तिच्यावरचा शब्द न शब्द डॉक्टरांनी खणखणीत आवाजात वाचला, मगच सिरिंज भरली.

बोट बधिर झाल्याची खात्री केल्यावर थोड्याच वेळात गळ ट्रेमध्ये टणकन पडला.

“कलला पन नाय!” चांगुणाबाई हरखली. “सुई मारायच्या आधी कसला मंतर म्हनलास रे?”

“सिस्टरांचा,” डॉक्टर म्हणाले. “मलासुद्धा आजच लागू पडला.”