ऊन लागू नये म्हणून

अकराच्या सुमारास रुचिका पायलला घेऊन गच्चीवर आली, आणि तिथे मूगवड्या घालत बसलेल्या तिच्या मोठ्या जावेचा, दामिनीचा, हात पातेल्यातच थांबला.

"आज सूर्य कुठून उगवला वं, रुचिका? तू अन् उन्हात?"

"पोरीले थंडी वाजून राहिली होती, ताई," रुचिका म्हणाली. "म्हटलं, बसवावं थोडा वेळ."

साफ खोटं. नऊ वर्षांच्या पायलने पुऱ्या बाह्यांचा फ्रॉक घातला होता, पायात मोजे होते, केस पाठभर मोकळे सोडलेले. ती जिन्याच्या दाराशीच उभी राहिली. पलीकडे तिच्याच वयाची काजल, दामिनीची मुलगी, अनवाणी दोरीवरच्या उड्या मारत होती. तोंडाने मोजत होती आणि मोजता मोजता हसत होती. रुचिकाला ते हसणं बघवेना.

नागपुरातल्या महाल भागातल्या त्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा वरचा मजला आणि गच्ची थोरल्यांकडे गेली. धाकट्यांच्या वाट्याला खालचा मजला आला, जिथे भरदिवसाही दिवा लावावा लागे. ते रुचिकाच्या मनातून कधी गेलंच नाही. एका बाबतीत मात्र तिचं पारडं जड होतं. दोन्ही पोरी शेजारी उभ्या राहिल्या की पाहुणे म्हणत, "ही धाकटीची ना? लोण्याचा गोळाच आहे." काजलबद्दल कोणी काही बोलत नसे, आणि त्या न बोलण्यानेच रुचिकाचं पोट भरे.

तेवढं एक सुख जपायचं म्हणून पायलला गच्ची बंद होती. शाळेत जाता-येता तोंडाला ओढणी, सुट्टीच्या दिवशी खाली मोबाइल, बिस्किटं आणि बाटलीतला आंब्याचा रस. मागच्या वर्षी पोरीच्या मानेमागे काळा पट्टा दिसायला लागला. बघा, एवढं जपूनही ऊन लागलंच, असं म्हणत रुचिकाने बेसन लावलं, लिंबू चोळलं, घासणीही फिरवली. मान लाल व्हायची, पट्टा हलायचा नाही. शेवटी तिने पोरीचे केस मोकळे सोडले. जगाला दिसलं तरी चाललं असतं, दामिनीला दिसायला नको होतं.

पोरीचे पाय सारखे दुखतात म्हणून दाखवायला नेलं, तर काल रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी नेमके तेच केस बाजूला केले.

"उन्हानं झालं ते," रुचिका घाईने म्हणाली.

"केसांखाली ऊन पोचलं कसं?" बाईंनी विचारलं आणि रक्ताचा रिपोर्ट समोर धरला. "ड जीवनसत्त्व तळाला गेलंय हिचं. साखर अजून ताब्यात आहे, पण ती ताब्यात ठेवताना शरीराची ओढाताण होतेय. मानेवरचं काळं त्याचं आहे, घासून जायचं नाही. औषध देते. पण ते बाटलीतलं गोड बंद करा, आणि रोज हातपाय उघडे टाकून उन्हात पळू द्या हिला. नागपुरात राहून पोरीला ऊन मिळत नाही, कमाल आहे तुमची!"

रात्रभर रुचिकाला वाटत राहिलं, हा रिपोर्ट काजलचा असता तर! वाटलं, आणि लाजही वाटली. तरी वाटायचं ते वाटलंच.

"पायल, ये ना वं! तुह्यी पाळी!" काजलने दोरी पुढे केली.

पायलने आईकडे पाहिलं.

"जा," रुचिका म्हणाली.

पोरगी जागची हलली नाही. तिने आईचा पदर ओढून विचारलं, आणि हळू बोलायचं भान तिला राहिलं नाही. "मी काळी झाली तर मले इथं वरच, मोठ्या आईकडे, ठेवशील का?"

काजलची दोरी थांबली. दामिनीने मान वर केली नाही. बोटांनी एक वडी घातली, ती चपटी झाली, मोडून पुन्हा घातली. 

रुचिका खाली बसली. आधी तिने पोरीचे मोजे काढले. बाह्या कोपरावर दुमडल्या. मग स्वतःच्या डोक्यातला चाप काढून पायलचे केस गोळा केले आणि वर घट्ट बांधून टाकले. मान उघडी पडली, काळ्या पट्ट्यासकट, दामिनीच्या अगदी समोर.

"हे काय झालं वं पोरीले?" दामिनी उठलीच.

"माह्यामुळं झालं, ताई," रुचिका म्हणाली. "तुमचं ऊन लागू नये म्हणून."

दामिनीला किती समजलं कोण जाणे. तिने वड्यांची चादर दोन्ही हातांनी ओढत टाकीच्या सावलीत नेली आणि गच्चीचा मधला, सगळ्यात तापलेला भाग मोकळा केला. वड्या वाळायला आता एक दिवस जास्त लागणार होता. हिचं मनही मोठंच निघावं, याचाही रुचिकाला राग आला.

पायलची पहिली उडी दोरीत अडकली. दुसरीही. तिसरीला दोरी पायाखालून गेली आणि ती किंचाळली. थोड्याच वेळात तिला धाप लागली, गाल लाल झाले. मग एकाएकी काहीतरी आठवल्यासारखी ती धावत आली आणि घाबऱ्या तोंडाने उघडा हात आईपुढे धरला.

"झाली का मी काळी?"

रुचिकाने तो हात धरला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"अजून नाही झाली," ती म्हणाली. "जा, अजून खेळ."