मुरड

"काट्यानं काय दाबतेस? मुरड घाल," सासूबाई कडाडल्या. हॉल पाहुण्यांनी भरला होता आणि चिकनचा तिखटजाळ खिमा भरलेल्या करंज्यांचा शेवटचा ट्रे अजून ओव्हनमध्ये जायचा होता. पण त्यांचा हट्ट नेहमीचाच. गौरीला निरोप देताना मुरडीचे कानवले करतात ना, ती वळून परत यावी म्हणून. तशी या घरातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या करंजीला मुरड हवीच. मग आत चिकन का असेना.

मी कडा मुरडत राहिले. डावं मनगट काल त्यांच्या मुलानं, हर्षदनं, पिरगळलं होतं. ते टम्म सुजलं होतं. माझी बॅग मागच्या दाराशी, पिठाच्या डब्याआड होती. सासूबाईंची नजर सारखी तिकडे जात होती, की मलाच तसं वाटत होतं?

"अगं, किती वेळ?" हॉलमधून हर्षद गरजला. माझ्या हातातली करंजी फाटली.

"भाजायला वेळ लागतो!" सासूबाईंनी आतूनच ठणकावलं आणि मला बाजूला सारलं. शेवटच्या सहा करंज्या त्यांनी स्वतः भरल्या. कडा मात्र काट्यानं दाबल्या, घट्ट. वीस मिनिटांनी त्यांनी ट्रे ओव्हनमधून काढला. मग त्या सहा गरम करंज्या डब्यात घालून त्यांनी डबा माझ्या हातात दिला.

"आई, मुरड?"

"तुझ्या करंज्यांना नाही घातली," मागच्या दाराची कडी काढत त्या म्हणाल्या. "जा."