हार काढा

यंदा आरटीओच्या वार्षिक पासिंगला एकही राजहंस गाडी टिकेना. एवढी महागडी, आपली आपण चालणारी गाडी. एकीला जे कळलं ते त्या जातीच्या सगळ्या गाड्यांना कळायचं. पण मोकळ्या ट्रॅकवरही ती हलेना.

“हार काढा, मला दिसत नाही,” ती म्हणाली.

“कसला हार? नापास!” इन्स्पेक्टर घारपुरेबाई कडाडल्या.

रांगेत विश्वासरावही उभे होते. दसऱ्याला पूजा करून त्यांनीच आपल्या राजहंसच्या कॅमेऱ्यावर झेंडूचा हार घातला होता. तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

“सणाचा दिवस आहे, राहू दे गं. चल!” त्यांनी दामटलं होतं, आणि गाडी निघाली होती. फाटकाशी त्यांची नात इरा रांगोळी काढत बसली होती.

बाईंनी पुढची गाडी बोलावली. भलत्याच कुणाची होती. तीही अडली.

“हार काढा,” ती म्हणाली. “पुढे इरा असेल.”