सोडून दिलेलं विमान

चौदा तासांच्या प्रवासानंतर घरी जायला मधल्या विमानतळावर दुसरं विमान घ्यायचं होतं. पर्याय दोन: पहिलं सुटणारं दीड तासानं, दुसरं पाच तासांनी. "पाच तासांत तू तिथे संसार थाटशील," तिकीट काढताना नवरा हसला होता. पण सामान घ्या, तपासणीच्या रांगेत उभ्या राहा, आणि कडेवर आठ महिन्यांची लेक! मी हट्टानं उशिराचंच घ्यायला लावलं.

सगळं ठरवल्यासारखं निवांत झालं. लेकीला पाजलं, ती मांडीवर झोपली. मग मी आईला फोन लावला. "आई, तीनपर्यंत पोचतो गं आम्ही."

"आता हे काय नवीन?" आई कुजबुजली. "सकाळीच आलीस ना आधीच्या विमानानं, एकटी? बाळ कुठंय विचारलं तर बोलेनास. आत जाऊन पडलीयेस तासभर."

मी हसले. आई हसली नाही. तिची पावलं ऐकू आली, मग दार उघडल्याचा आवाज. "ऊठ गं," ती कुणाला तरी म्हणाली. "तुझाच फोन आहे."

पलीकडे कुणीतरी फोन घेतला. माझ्याच आवाजात, अगदी हळू विचारलं, "ती तुझ्याकडे आहे ना?"